जाळीचं भोक आणि चार किलो रद्दी

टेबल टेनिस क्लबाच्या वार्षिक सभेत यंदा हात वर करायचाच, एवढंच मुद्देसाहेबांनी ठरवलं होतं. (हे टोपणनाव ऑफिसातलं. एका निरोप समारंभात ते "माझा एक मुद्दा आहे" म्हणून उठले होते, आणि निरोप दुसऱ्याच कुणाचा होता.) मुद्दा अगदी साधा होता. जाळीला मधोमध भोक पडलेलं, त्यातून चेंडू आरपार जाई. खर्चाच्या कागदावर मात्र तीन वर्षांत तीनदा 'नवीन जाळी' आली होती.

खजिनदार दातांचे डॉक्टर होते. निम्म्या क्लबाचे दात त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे आजवर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"विश्वास नाही का आमच्यावर?" डॉक्टर हसून म्हणाले.

"विश्वास आहे. पावतीपण हवी. वर्गणी आम्ही भरतो आणि भोकही आम्हीच बघतो!"

टाळी पडली. (एकच. मागच्या रांगेतून.) डॉक्टरांनी पावत्यांचं खोकं आणून त्यांच्या हातात ठेवलं. "घ्या. पुढच्या रविवारी काय सापडलं ते सांगा. नाही सापडलं, तर सगळ्यांसमोर माफी मागायची आणि सभासदत्व सोडायचं."

वीस वर्षं रोज संध्याकाळी ज्या टेबलावर मुद्देसाहेब इमानेइतबारे हरत आले होते, तेच पणाला लागलं. तरी मान ताठ ठेवून ते खोकं घेऊन घरी आले. कुणाची नजर पडू नये म्हणून त्यांनी खोकं दारामागे सरकवलं, वर जुनी वर्तमानपत्रं रचली आणि सगळं सुतळीनं करकचून बांधलं. पुढचे दोन दिवस आपण पावती कशी मागितली हेच ते बायकोला सांगत राहिले, त्यामुळे खोकं उघडायचं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी दारामागे लख्ख फरशी.

"अगं, इथलं खोकं?"

"रद्दीत दिलं. वर्षभर तुम्ही देतो देतो म्हणत होतात, शेवटी मीच दिलं."

"त्यात क्लबाच्या पावत्या होत्या!"

"वर तर पेपर होते. कुणी ठेवले?"

"मी."

"आणि सुतळी?"

"तीपण मीच."

"मग माझ्यावर कशाला ओरडता? चार किलो भरली. ही रद्दीवाल्याची चिठ्ठी, हे पैसे."

मुद्देसाहेब चप्पल न घालता रद्दीवाल्याकडे धावले. त्याची रद्दी नेणारा ट्रक सकाळीच गेला होता.

"रविवारी तब्येत बरी नाही म्हणून कळवा," बायकोनं सुचवलं.

"मुळीच नाही! दुसऱ्याला जाब विचारायचा आणि आपली पाळी आली की अंगावर पांघरूण? मी जाणार."

ते गेले. चिठ्ठी आणि पैसे टेबलावर ठेवून म्हणाले, "पावत्या रद्दीत गेल्या. चूक माझी. हे रद्दीचे पैसे क्लबाचे."

डॉक्टरांचा चेहरा एकदम खुलला. "अहो, चालायचंच! आम्ही तुम्हाला माफ केलं. विषय संपला."

"माफ करायचं नाही!" मुद्देसाहेब टेबलावर हात आपटून ओरडले. "सभासदत्व आत्ता सोडतो. पण जाळ्या कुठून आणल्या ते दुकान सांगा. मी जाऊन नकला आणतो."

दुकान गावात एकच. दुकानदार मागच्या रांगेत बसला होता, टाळीवाला. तो शांतपणे उभा राहिला. "माझ्याकडून तीन वर्षांत एकही जाळी गेलेली नाही."

"मग गेल्या रविवारी का नाही बोललात?" कुणीतरी विचारलं.

"रूट कॅनाल अर्धं राहिलं होतं. परवा पूर्ण झालं."

डॉक्टरांनी जाळ्यांचे पैसे तिथल्या तिथे भरले आणि पद सोडलं. मुद्देसाहेबांचा राजीनामा सभेनं घेतला नाही, उलट त्यांनाच खजिनदार केलं. दुसऱ्या दिवसापासून फलकावर टाचणीच्या डबीचीसुद्धा पावती लागली. मुद्देसाहेबांची छाती आठवडाभर शर्टात मावत नव्हती.

आठवडाभरच. मग दाढ ठणकायला लागली, आणि दातांचा डॉक्टर गावात एकच.

खुर्ची मागे झुकली. तोंडात कापूस कोंबला गेला, मशीन घरघरायला लागलं. डॉक्टर वाकून अतिशय गोड आवाजात म्हणाले, "साहेब, पावती करू ना?"

मुद्देसाहेबांनी डोळे घट्ट मिटले आणि जमेल तेवढ्या जोरात, नको नको म्हणून मान हलवली.