माझी उचकी धारपसाहेबांना लागते

माझी उचकी गेल्या वर्षी विकली गेली, आणि ती कशी विकली गेली हे सांगायला मलाच बसवलंय. ज्यांनी विकली त्यांना कोणी विचारत नाही. मी चौथी पास, जन्म गेला इस्त्री फिरवण्यात. पण वाचनालयाच्या बाई पाठ सोडत नाहीत, म्हणून एकदा लिहून टाकतो. परत विचारायचं नाही.

विहंग धारप हे मोठ्या फंडाचे मालक. त्यांनी इमारती घेतल्या, बंदरं घेतली, एक विमानतळ घेतला आणि आवडला नाही म्हणून परत केला. पण त्यांना उचकी लागत नसे. कोणी आठवण काढली की उचकी लागते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एकेक नाव घेत जायचं. ज्याने आठवण काढली त्याचं नाव आलं की ती थांबते. धारपांना जन्मात लागली नव्हती, म्हणून त्यांनी ड्रायव्हरची विकत घेतली. ड्रायव्हरची आई गावी त्याची आठवण काढी आणि उचकी धारपांना लागे. त्यांना ते फार आवडलं.

आवडल्यावर एकीवर थांबेल तो शेट कसला? बाजार उभा राहिला. आईची उचकी सगळ्यात महाग. बायकोची लग्नाला किती वर्षं झाली ते बघून. पोटातसुद्धा न आलेल्या पोरांच्या उचक्यांचे वायदे झाले. धारपांनी घेतलेल्या उचक्या गहाण टाकल्या आणि त्यावर आणखी उचक्या घेतल्या.

माझी गेली पतपेढीच्या वार्षिक सभेत. चेअरमन प्रल्हाद शिरोडे विषय वाचत होते आणि मागे वड्यांची पाकिटं वाटायला घेतली होती.

"विषय सातवा. सर्व सभासदांच्या उचक्या धारप फंडास कायमच्या देणे."

"मंजूर! मंजूर!" सगळे ओरडले. आमच्याकडे सभेत मंजूर म्हणतात ते विषयाला नाही, वड्याला.

मी उठलो. "शिरोडे, काय वाचलंत हे?"

"नाना, झालं ते मंजूर. वडा घ्या, गार होतोय."

आता मला उचकी लागायची ती एकाच माणसाची. इंदुआक्का, माझी थोरली बहीण, असते संगमेश्वरला. बायको गेली, मूलबाळ नाही. आक्काशी बोलणं बंद. भाचे कळवतील असे नाहीत, आणि मी विचारायला गेलो तर मीच नमलो असं होईल. पण दुपारी चहाच्या वेळी उचकी लागे, मी "आक्का" म्हणे, ती थांबे. म्हातारी अजून आहे, एवढं कळे. सभेनंतर चहा सरळ घशाखाली जायला लागला. म्हातारी आहे की गेली, कळायला मार्ग नाही.

म्हणून मी धारपांच्या हापिसात गेलो. पार वरचा मजला. धारप खुर्चीत, एकसारखे उचक्या देत. शेजारी कोट घातलेली एक मुलगी नावं म्हणत होती, "शकुंतला, मेहजबीन, बाळूमामा..." एक थांबली की दुसरी सुरू. पाण्याचा ग्लास ओठाला लागत नव्हता.

"माझी तेवढी परत द्या," मी म्हटलं.

"एक जरी परत... उच्! ...दिली, तर बाजाराला वाटेल मी विकायला काढल्यात. भाव... उच्! ...पडेल."

"अहो, घास जात नाही तुम्हाला!"

"घास काय, कधीही खाईन. उच्! ही तेजी आहे, नाना."

मी मुलीला म्हटलं, "मरेल हा माणूस."

"सरांनी सकाळीच एक अख्खा तालुका घेतलाय," ती म्हणाली. लगेच पुढचं नाव घेतलं.

चहाची वेळ झाली होती. मी मुलीला गप्प बसवलं आणि धारपांसमोर स्टूल ओढलं.

"आक्का."

"उच्!"

"आक्का."

"उच्!"

तिसऱ्यांदा म्हणायचा धीर होईना. तरी म्हटलं.

धारप तोंड उघडं ठेवून बसून राहिले. काहीच आलं नाही. हापिसातली माणसं मान वर करून बघायला लागली. धारपांनी हळूच ग्लास उचलला आणि ते घोटभर पाणी प्यायले.

"कोण ही?"

"बहीण."

"रागावलेली वाटते."

"आहेच."

"पण रोज येते?"

"रोज."

"मग ही तर... उच्! ...मी मुळीच सोडणार नाही."

त्यांनी मला पास करून दिला. रोज दुपारी मी वर जातो. स्टूल ठेवलेलं असतं, चहा बरा असतो. मी आक्काचं नाव घेतो, तेवढ्यात ते पाणी पिऊन घेतात, आणि मी घरी येतो.

लोक म्हणतात, धारपांनी तुमची माफी मागायला हवी. त्यांनी कशाला? त्यांनी रीतसर विकत घेतली. शिरोड्यांनीही नको, सभेने मंजूर केलं. माफी मागायची आहे ती एकाच बाईने. तिने भर पंगतीत मला हावरट म्हटलं, आणि मी रुमालात जिलेबी बांधत होतो ती तिच्याच नवऱ्यासाठी, जो तापाने घरी पडला होता. इंदुमती पांडुरंग घाग, मुक्काम संगमेश्वर.