मुक्त स्त्री आणि स्टँडवरची सायकल

डॉ. दक्षा या मानववंशशास्त्र, स्त्रीवाद आणि शहरी सायकलिंग अशा तिन्ही विषयांवर एकाच वेळी लिहीत. त्यामुळे डहाणूच्या नाक्यावर सरावलीच्या जिवलीला सकाळी सहाला अडवायचा त्यांना तिहेरी अधिकार होता.

जिवलीला सातच्या आत चिखल्याच्या चिकूवाडीत पोचायचं होतं. उशीर झाला, की मुकादम चैत्या तिची झाडं दुसरीला देई आणि त्या दिवसाची चूल थंड.

सायकलला बांधलेली लांब काठी पाहून बाईंना भरून आलं.

"पुरुषांना चार हात दूर ठेवायचं साधन!"

"चिकू काढायची काठी हाय, बाय. टोकाची जाळी नाय दिसत?"

'माहितीदार स्वतःच्या बंडाबाबत अनभिज्ञ,' अशी नोंद झाली.

मग अकरा पानी संमतिपत्र आलं. जिवलीनं भराभर सह्या ठोकल्या आणि पायडलवर पाय ठेवला.

"थांबा! चिखल्याचा रस्ता ग्रामीण आहे. तिकडे तुमची मुक्ती प्रकल्पाच्या कक्षेबाहेर जाते."

बाई हँडल सोडेनात, म्हणून तिनं बाजारातच एक फेरी मारली. बाई नाराज.

"जिवलीताई, तुम्ही कामावर निघाल्यासारखी चालवता."

"कामावरच निघालेय!"

"तेच तर बंधन! मुक्त स्त्री कुठे पोचण्यासाठी सायकल चालवत नाही."

जिवलीनं हळू चालवली. तरी सायकल पुढेच जात होती, आणि पुढे जाण्याला उद्दिष्टाचा वास येत होता. अखेर शास्त्रीय उपाय म्हणून सायकल स्टँडवर चढवण्यात आली. मागचं चाक अधांतरी गरगरू लागलं. बाई गहिवरल्या. साडेसहा वाजले.

"बाय, मना मोकळं वाटतंय का नुसता घाम येतोय, तेच कळत नाय. तुम्हीच बसून सांगा."

बाई तत्काळ चढल्या आणि अनुभव घेण्यासाठी त्यांनी डोळे मिटले. जिवलीनं काठी सोडली, शेजारी टेकवून ठेवलेल्या बाईंच्या एकवीस गिअरच्या सायकलला बांधली आणि जी सुटली, ती सातला दोन मिनिटं असताना चैत्यापुढे उभी.

"कुनाची गं सायकल?"

"संशोधनाची. झाडं दाखव."

संध्याकाळी ती सायकल परत करायला आली, तेव्हा बाई डोळे मिटून पायडल मारतच होत्या. त्यांचा निबंध पुढे फार गाजला. निष्कर्ष असा, की घाम गाळूनही जागचं न हलणं हीच मुक्तीची परमावधी.

हसताय? हसा. पण बाल्कनीतल्या तुमच्या व्यायामाच्या सायकलवरचा ओला टॉवेल आधी उचला. बाई पुढच्या पाहणीला तुमच्याच घरी येताहेत.