वरून वाचणारे रशीद मास्तर

रशीद मास्तरांनी माझा चेहरा अजून नीट पाहिलेला नाही. कळमनुरीत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, मी लग्न होऊन आले तेव्हापासून. पण रस्त्यात भेटले की ते माझ्या चपलांशी बोलतात. "काय बाई, नवीन घेतल्या?" एवढ्यावरून आपण समजायचं की मास्तरांनी ओळखलं.

मास्तर उर्दू शाळेतून रिटायर झालेले. खाली बघून चालण्यामागचं त्यांचं कारण पक्कं आहे. बायकांनी अंग कसं झाकावं हे कुराणात जिथं येतं, त्याच्या आधीच्याच आयतीत पुरुषाला नजर खाली ठेवायला सांगितलंय. "लोक खालून वाचून राहिले," ते म्हणतात. "वरून वाचा. पहिला नंबर आमचा."

हा पहिला नंबर त्यांना महागात पडतो. कधी विजेच्या खांबावर कपाळ, कधी उभ्या टेम्पोवर गुडघा. एकदा रेडिमेडच्या दुकानाबाहेर साडी नेसवलेला पुतळा ठेवला होता. मास्तर अदबीनं बाजूला झाले. "तुमी जा आधी," म्हणून थांबले. पुतळा जाईना, मास्तरही हलेनात. शेवटी दुकानदारानं पुतळाच उचलून आत नेला. "लई सबुरीची बाई होती," असं नंतर त्यांनी मला कौतुकानं सांगितलं.

शुक्रवारी नमाज झाली की पोरं त्यांच्या ओट्यावर येतात. एकाला राग आला होता, की कॉलेजातल्या पोरी नुसती ओढणी घेतात, चेहरा उघडाच. "मास्तर, फैसला सांगा."

मास्तरांनी आतून तफसीर आणल्या, म्हणजे आलिमांनी, धर्मपंडितांनी, कुराणाचा अर्थ उलगडून लिहिलेले जाडजूड ग्रंथ. "हे आलिम म्हणतात चेहरा झाका. हे म्हणतात चेहरा अन् हात उघडे चालतात. शेकडो वर्षं झाली, एवढ्या मोठ्या लोकांचं एकमत न्हाई. अन् तुला आटो सुटायच्या आत फैसला पाहिजे?"

"मग तुमचं मत?"

"माझं मत, चेहरा उघडा. पण तू काहून विचारतो? बुरखा तुला घालायचाय का? तुझा धडा वरचा. तो झाला का पाठ?"

पोरगं चहा न पिताच गेलं.

मास्तरांची बायको गेली तेव्हा त्यांची मुलगी नसरीन लहान होती. तिची वेणी घालायला मास्तर माझ्याकडून शिकले; पहिले काही दिवस पोरगी दोरखंड बांधल्यासारखी शाळेत जायची. आता ती नांदेडला फार्मसी शिकते. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आली ती नकाब लावून. नुसते डोळे दिसत होते.

मी लोणचं द्यायला गेले तेव्हा घरात त्याच ग्रंथांचा पसारा पडला होता.

"बेटा, चेहरे का हुकूम नहीं है," मास्तर म्हणत होते.

"कुछ आलिम बोलते, है."

"कोई जबरदस्ती करे क्या तेरे पे?"

"नहीं अब्बा, कोई नहीं. मैं उप्पर से पढी. पूरी पढी. मेरेकू ये पटा."

मास्तरांनी एक ग्रंथ उघडला, मिटला. दुसरा उघडला. आयुष्यभर ज्याला त्याला स्वतः वाचायला सांगत आले होते, आणि पोरीनं वाचलं होतं. मग ते पानांकडं बघतच म्हणाले, "खाना खा ले." त्या दिवसापासून त्यांनी तो विषय काढला नाही. ओट्यावरच्या पोरांनाही दोन-तीन शुक्रवार "आज तब्येत बराबर न्हाई" म्हणून परत पाठवलं.

नसरीनची सुट्टी संपत आली तेव्हा मी कापडाच्या दुकानात अस्तर घ्यायला गेले होते. मास्तर तिथं आधीच हजर. काळ्या कापडाचा एक तुकडा नाकावरून घेऊन, दोन्ही टोकं मानेमागं धरून, ते दुकानाच्या पायरीवर भर उन्हात उभे होते. गिऱ्हाइकं हसत होती.

"मास्तर, हे काय करून राहिले?" दुकानदारानं विचारलं.

मास्तरांनी कापड खाली घेतलं. चेहरा घामानं भिजलेला. "हे न्हाई. यात दम कोंडतो. दुसरं दाखवा." मग माझ्या चपला दिसल्या म्हणून मला म्हणाले, "पोरीचं कापड नायलॉनचं आहे, बाई. गालावर पुरळ उठलंय. ती सांगत न्हाई."

दुकानदारानं पातळ सुती कापड काढलं. मास्तर ते लावून पुन्हा उन्हात गेले. बराच वेळ उभे राहिले. श्वास घेतला, सोडला. आत आल्यावरही त्यांनी ते चेहऱ्यावरून काढलं नाही.

"बाई, माझा आवाज बाहेर येतो का?"

"येतो की, मास्तर."

"मी मोठ्यानं बोलून राहिलो. ती हळू बोलते." त्यांनी आवाज अगदी बारीक केला. "मला बरं वाटून न्हाई राहिलं... हे आलं का ऐकू?"

"आलं."

"पुरं?"

"पुरं आलं, मास्तर."

मास्तरांनी तुकडा नीट घडी करून दुकानदारापुढं ठेवला. "मग हेच फाडा," ते म्हणाले.