फ्लेक्सवरचा कोयता

गणपतराव चौगल्यांनी मुलीच्या मालिकेचा पहिला भाग दिसायच्या आधीच चौकात फ्लेक्स लावला, आणि सगळी भानगड तिथंच सुरू झाली. पण त्यांना तरी नावं कशी ठेवायची? कसबा बावड्यात आनंद पोटात ठेवायची पद्धत नाही. इथं पोरगं तलाठ्याची परीक्षा द्यायला निघालं तरी त्याचा फोटो चौकात लागतो, निकालाचं नंतर बघतात.

तेजस्वीनं मुंबईहून एकच फोटो पाठवला होता. अंगावर चिखल, केस विस्कटलेले, मागं विहीर आणि हातात ऊसतोडीचा कोयता. मालिकेचं नाव 'उठलेली माणसं'. कसल्याशा रोगानं मेलेली माणसं उठून जिवंतांना चावत सुटतात आणि वाचलेले थोडे लोक बंद पडलेल्या साखर कारखान्यात दडून बसतात, एवढंच गणपतरावांना ठाऊक होतं. उरलेली गोष्ट त्यांनी कोयता बघून स्वतःच पुरी केली. फ्लेक्सवर छापलं, 'मढ्यांची कर्दनकाळ, बावड्याची वाघीण!' खाली शुभेच्छुक म्हणून त्यांच्या मधल्या गल्लीतल्या झाडून सगळ्या पुरुषांचे फोटो होते. त्यात सगळ्यात मोठा, गॉगल लावलेला फोटो तरुण मंडळाचा अध्यक्ष विजयसिंह याचा.

फ्लेक्सचा फोटो मुंबईला पोचताच तेजस्वीचा फोन आला.

"आबा, मला इचारायचं तरी. कथा फोडायची न्हाय म्हणून सह्या घेतल्यात आमच्याकडनं. न्हायतर मी आधीच सांगणार हुतो."

"मग नगं सांगूस. आमी बघतोय की पडद्यावर," असं म्हणून आबांनी फोन ठेवला आणि मटणाची ऑर्डर द्यायला निघून गेले.

पहिल्या भागाला चौकात पडदा लागला, तांबडा-पांढरा रस्सा शिजला. पडद्यावर वाचलेल्या लोकांत दोन तट पडले. एक पुण्याचा हिरो म्हणत होता, दिसेल ते मढं तोडा. आणि सुलभा नावाची नर्स म्हणत होती, ही कालपर्यंत आपलीच माणसं होती, औषध सापडेपर्यंत त्यांना कोंडून ठेवू, मारायचं नाही. ही नर्स म्हणजे तेजस्वी. एवढ्यात एक मढं गुरगुरत तिच्या अंगावर आलं. "हाण! हाण त्येला!" अख्खी गल्ली ओरडली. तेजस्वीनं शांतपणे हात पुढं केला, "दामूअण्णा, घरला चला," म्हणाली आणि त्या मढ्याला हाताला धरून गोठ्यात नेऊन बाहेरून कडी घातली. तिकडं पुण्याच्या हिरोनं मढ्यांचा खच पाडला.

विजयसिंह रश्श्याची वाटी तशीच ठेवून उठला. अध्यक्ष झाल्यापासून त्यानं रस्सा टाकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्सला, गांधीजींच्या फोटोला घालतात तसा, सुताचा हार घातलेला दिसला. हे काम खालच्या गल्लीच्या पिराजीचं, हे सांगायला नको होतं. गेल्या गणपतीत मिरवणुकीत कुणाचा ट्रॅक्टर पुढं यावरून दोन्ही गल्ल्यांचं बोलणं बंद झालं होतं, पण टोमणे चालू होते. बरं, फ्लेक्स उतरवावा तर त्यावर सगळ्यांचेच चेहरे. आपलाच चेहरा आपल्या हातानं उतरवायला कोण तयार होणार? गणपतरावांच्या पत्नी बयाबाईंना मात्र यात लाजण्यासारखं काही दिसेना. पोरगी आईवर गेली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. इतकी वर्षं कोयता घरातच असून आपण तरी तो कुठं चालवला?

मग वाहिनीनं जाहीर केलं, की विहिरीकाठी मढ्यांनी घेरलेल्या सुलभानं हातातला कोयता चालवावा की टाकावा, हे प्रेक्षकांनी ठरवायचं. दोन्ही शेवट चित्रित झाले आहेत, एका फोनवरून एकच मत. विजयसिंहाला हवी ती संधी मिळाली. त्यानं गल्लीतला एकेक फोन गोळा करून 'चालवावा'ला मत टाकलं. पाहुणे, सोयरे, दूधवाला, कुणालाही सोडलं नाही. गणपतरावांनीही अभिमानानं आपला फोन दिला.

संध्याकाळी तेजस्वीचा पुन्हा फोन आला.

"आबा, आता सही मोडून सांगतोय. 'चालवावा' जिंकला तर सुलभा त्या झटापटीत मरतीया. माझं काम तिथंच संपलं."

गणपतरावांनी फोन ठेवला. या एका भूमिकेसाठी पोरगीनं तीन वर्षं एका खोलीत चौघींबरोबर काढली होती. नकाराचे किती फोन आले ते तिनं कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आणि आता तिच्या पोटावर पाय पडणार होता तो शुभेच्छुकांचाच.

ते तडक मंडळात गेले आणि अहिंसेचं महत्त्व सांगू लागले. विजयसिंह हसला. दुसऱ्या मिनिटाला गणपतरावांनी त्याची गचांडी धरली होती. "शांततेनं घे म्हणतोय न्हवं तुला!" असं ते ओरडले, आणि आपलं आपल्यालाच ऐकू येऊन त्यांनी हात सोडला.

"विजयसिंह, मारायला कुणीबी मारतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यो पुण्याचाबी मारतोय. भ्यालेलं माणूस आधी हात उचलतंय. मढ्याम्होरं मोकळ्या हातानं हुभी ऱ्हायली ती अख्ख्या मालिकेत एकच, आणि ती आपल्या बावड्याची हाय."

विजयसिंहानं चुरगळलेला शर्ट सारखा केला. "म्हंजे त्यो पुण्याचा भ्यालाय म्हणा की," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला. पण गल्लीची मतं तर पडून गेली होती. उरली खालची गल्ली.

गणपतराव एकटेच गेले. पिराजीनं त्यांना दारातच उभं केलं आणि पोरांना गोळा करून विचारलं, "काय वाघीणवालं, सूत कातून झालं का?" पोरं हसली. एकानं गणपतरावांची टोपी उडवली. एरवी इथं दोन-चार दात सांडले असते. गणपतरावांच्या मुठी वळल्या, आणि सुटल्या. त्यांनी टोपी उचलून झटकली.

"पोरीच्या पोटाचा सवाल हाय, पिराजी. कोयता टाकला तरच तिचं काम टिकतंय. जास्त इचारू नगंस."

पिराजीचं हसू मावळलं. टोपी उडवणाऱ्या पोराला त्यानं घरात पिटाळलं. "आमची मतं 'टाकावा'लाच पडल्यात की," तो खाली बघत म्हणाला. "तुमची जिरवायला टाकली हुती. पण आधी सांगायचं न्हाय व्हय? पोरगी काय एकट्या तुमच्या गल्लीची हाय?" आणि त्यानं तिथंच फोन काढून शिरोली एमआयडीसीतल्या आपल्या फौंड्रीची अख्खी पाळी कामाला लावली. तिकडं विजयसिंह शहराच्या दुसऱ्या टोकाला, कळंब्यापर्यंत दारोदार फिरला. त्याचा प्रचार एवढाच होता, "अहिंसेला मत दे, न्हायतर बघ."

शुक्रवारी दोन्ही गल्ल्या एकाच पडद्यासमोर बसल्या. विहीर आली, चिखल आला, आणि फ्लेक्सवरचा तोच फोटो पडद्यावर हलू लागला. तेजस्वीनं कोयता उचलला, क्षणभर त्याच्याकडं बघितलं आणि विहिरीत टाकून दिला. मग मढ्यांच्या घोळक्यासमोर ती मोकळ्या हातानं उभी राहिली. गणपतरावांचा ऊर भरून आला. आपण पोरगीला वाघीण म्हणालो ते बरोबरच होतं, कशासाठी ते मात्र आज कळलं, असं त्यांना वाटलं. पहिली शिट्टी पिराजीनं मारली.

रविवारी नवा फ्लेक्स लागला. 'मोकळ्या हातानं जिंकणारी, बावड्याची वाघीण!' त्यावर पिराजीचा फोटो विजयसिंहाच्या फोटोपेक्षा वीतभर मोठा निघाला. पाच मिनिटांत दोघांनी फ्लेक्सखालीच एकमेकांची कॉलर धरली. तेवढ्यात तेजस्वीचा फोन आला, की वाहिनीनं पुढच्या वर्षाचाही करार केला.

"गल्लीत समदं शांत हाय न्हवं, आबा?"

"व्हय. तुझ्या शब्दाभाईर कोण हाय?" असं म्हणून गणपतरावांनी फोन खिशात टाकला. ते दोघांच्या मध्ये गेले, एक हात विजयसिंहाचा धरला, एक पिराजीचा. दोघंही गुरगुरत होते.

"चला," ते म्हणाले. "घरला चला."

दोघांना आत रश्श्याच्या पातेल्यापुढं बसवलं, आणि बयाबाईंनी बाहेरून कडी घातली.