मोजणीअण्णांचं मागचं चाक

येळवस आली की आमच्या राजेश्वर गावात दोन वास सुटायचे. घराघरांतून शेंगा-पालेभाज्या घोटून केलेल्या भज्जीचा आणि मोजणीअण्णांच्या अंगणातून ग्रीसचा.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडे त्या दिवशी घरांना कुलपं लागतात. आंबिलीचं मडकं घेऊन सगळे शेतात जेवायला जातात. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी हाताला धरून ओढून नेतं. गावात उरायची ती कुत्री आणि मोजणीअण्णा. अण्णा सकाळीच अंगणात पोतं अंथरायचे, मोटारसायकल स्टँडवर चढवायचे आणि तिचं मागचं चाक खोलून बसायचे.

त्यांचं नाव माणिकराव. ते सरकारी मोजणीदार, म्हणजे लोकांच्या शेतांचे बांध मोजून देणारे. म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, कचेरीवरची पाटी बदलली, साहेब तर कितीतरी बदलले. अण्णांची मोजणीची साखळी आणि मोटारसायकल मात्र तीच राहिली. गाडीच्या पुढच्या चाकाकडे ते ढुंकूनही बघत नसत. ते बिचारं गावभर कुरकुरत फिरायचं. सगळी माया मागच्या चाकावर! त्याचं बेअरिंग काढायचं, रॉकेलमध्ये धुवायचं, फडक्यानं कोरडं करायचं आणि तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन छर्‍यांच्या मधे बोटानं दाबत बसायचं. मग चेन. मग चाकाला धरून ठेवणारा लोखंडी चिमटा. त्याच्या सांध्यात ग्रीस भरलं नाही तर मागच्या सीटवरच्या माणसाला गचके बसतात, असं त्यांचं म्हणणं.

“कोरडं ठेवू न्हाई, मास्तर,” ते मला दर वेळी ऐकवायचे. मी गावच्या शाळेत मास्तर आणि त्यांचा समोरचा शेजारी.

“मग पुढचं चाक कोरडं कामून ठेवलाव?”

“पुढं मीच बसतोय की. मला काय हुतंय?”

गंमत अशी, की त्या मागच्या सीटवर कुणी बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. बायको लवकर गेली. लेक सोलापूरला दिलेली, ती वर्षातून कधीतरी यायची. रस्त्यात कुणी हात केला तर अण्णा मान खाली घालून गाडी पुढे काढायचे.

“ज्याला मागं बसवलं त्येच्या बाजूनं बांध सरकवला म्हनतेत लोक,” एकदा त्यांनी मला सांगितलं. “आज येकाच्या शेतात आंबील पिलो, आन उद्या त्येचाच बांध मोजायला गेलो, तर शेजारचा काय म्हनंल?”

पण तोंडावर नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. म्हणून लग्न असो, बारसं असो, बोलावणं येण्याआधीच अण्णांचं चाक खोललेलं असायचं. “यायचं लई मन हाय वो, पन हे बघा!” असं म्हणत ते दोन्ही काळे हात वर करायचे. ग्रीसनं माखलेला हात धरून कोण ओढणार? हळूहळू लोकांनी विचारणंच सोडलं. अण्णा येत नाहीत हे गावाला पाठ झालं.

मग अण्णा निवृत्त झाले. आता कुणाचा बांध मोजायचा नव्हता, की कुणाच्या आंबिलीला भ्यायचं नव्हतं.

त्या वर्षीच्या येळवशीला अण्णा पांढरा सदरा घालून दारात बसले होते. गाडी पुसून उभी होती, चाक जागेवर. एकेक बैलगाडी समोरून गेली. “काय अण्णा, आज चाक खोललं न्हाई आजून?” लोक हसत विचारायचे आणि पुढे जायचे. अण्णाही हसायचे. थांबलं कुणीच नाही. शेवटची गाडी वळणाआड गेली तसे अण्णा उठले, आत गेले आणि पोतं घेऊन बाहेर आले.

आमच्या घरची मंडळी पुढे गेली होती. मागे राहिलो होतो मी, माझी सायकल आणि आंबिलीचं मडकं घेतलेली आई. आईचं अण्णांशी जुनं वैर. त्यांच्या मोजणीत आमची हातभर जमीन शेजारच्या शेतात गेली होती. ती तरातरा त्यांच्या अंगणात गेली.

“मोजणीअण्णा, काय करायलाव?”

“चाक खोललंय, आक्का.” अण्णांनी सवयीनं दोन्ही हात वर केले. हात स्वच्छ होते.

ते आईनंही पाहिलं. पण ती बधली नाही.

“चला उठा. त्या बांधावर बसून दर येळवशीला तुमाला शिव्या घालते. यंदा समोर बसा, म्हंजी मला वरडावं लागनार न्हाई.”

अण्णांनी पोतं तिथंच टाकलं. आई मडकं मांडीवर घेऊन मागच्या सीटवर एका अंगानं बसली, जन्मात पहिल्यांदा. गाडी इतकी हळू निघाली की मला सायकलचा ब्रेक दाबावा लागला. प्रत्येक चाकोरीला अण्णा विचारायचे, “आक्का, गचका बसला का?”

“न्हाई बसला. पुढं बघा.”

शेतात आईनं खरोखरच शिव्या घातल्या आणि एकीकडे ताटात भज्जी वाढत राहिली. अण्णा मान खाली घालून जेवले. मग बांधापाशी जाऊन तो खालीवर निरखून आले.

“बांध बरोबर हाय, आक्का.”

“मला म्हाईत हाय. आंबील घ्या.”

दिवस मावळताना त्यांनी आईला दारात आणून उतरवलं. ती आत गेली. अण्णा रिकामी सीट पुसत उभे राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “मास्तर, पुढल्या येळवशीला... चाक खोलू का नको?”

उत्तर आतून आईनं दिलं.

“पुढचं खोला! माझं डोस्कं उठवलं त्येनं. पन येळवशीच्या आदी जोडून ठिवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं. समोरच्या अंगणात पोतं अंथरलेलं होतं आणि मोजणीअण्णा पुढचं चाक खोलून बसले होते. येळवशीला अजून अख्खं वर्ष होतं.