कोणते अप्पा?

"उत्तर काढायचंच न्हाई?" गुरुपादप्पांनी अक्षराचं पुस्तक आधी लांब धरलं, मग जवळ आणलं. "मग मार्क कशाचे देतेत?"

"दिलेली माहिती पुरेशी आहे का, एवढंच सांगायचं, बाबा. विधान एक पुरेसं, विधान दोन पुरेसं, दोन्ही मिळून पुरेशी, नाहीतर दोन्ही मिळूनही अपुरी."

"अन् ह्याच्यावर बँकेत नोकरी?"

"हाव."

"तरीच बँकेत गेलं की आणखी एक झेरॉक्स मागतेत."

उदगीरच्या बाजारात गुरुपादप्पांचं कापडाचं दुकान होतं. घरी बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी ही एकुलती मुलगी होती आणि तिच्यासाठी आलेलं नांदेडचं एक स्थळ अधांतरी लटकलं होतं. मुलगा रुद्रेश विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. तो अक्षराला पसंत होता, अक्षरा त्याला पसंत होती. पण बघायच्या कार्यक्रमात त्याच्या आईनं "स्वयंपाक येतो का?" असं विचारलं आणि अक्षरानं सवयीनं "किती माणसांचा?" असं उलट विचारलं. माउलीनं आजपर्यंत कधी आकडा विचारून स्वयंपाक केला नव्हता. तिनं निकाल मुलाच्या वडिलांकडे राखून ठेवला. हे वडील उदगीरकडच्या कुणीच पाहिले नव्हते.

तेवढ्यात फोन वाजला. नांदेडहून सोमेश, म्हणजे अक्षराच्या आईचा, महादेवीचा, धाकटा भाऊ आणि या स्थळाचा मध्यस्थ. महादेवीनं स्पीकर लावला.

"ताई, अप्पा निघाले! दुपारपत्तर पोचतेत. त्यांच्या पायाचं बघा... अन् गर्दी जरा..."

फोन मेला. परत लावला तर बंद. सोमेशच्या फोनची बॅटरी कामाच्या वाक्यातच संपायची.

"कोणते अप्पा?" महादेवीनं विचारलं.

प्रश्न रास्त होता. त्या घराला अप्पांचा तोटा नव्हता. चुलत सासरे अप्पा, दुकानाचे जुने भागीदार अप्पा, मुलाचे वडीलही, ऐकीव माहितीनुसार, अप्पाच. आणि सगळ्यांच्या वर कंधारकडच्या मठाचे अप्पा. ते यंदाच गादीवर बसले होते आणि गल्लीनं त्यांना फक्त मोबाइलवर, तेही लांबून काढलेल्या फोटोत पाहिलं होतं.

"विधान एक, अप्पा निघाले," अक्षरा म्हणाली. "विधान दोन, पायाचं बघा. दोन्ही मिळूनही अपुरी."

"अपुरी कशी?" गुरुपादप्पा उठून उभे राहिले. "पायाचं बघा, म्हणजे पाद्यपूजा! चुलत्याच्या पायाचं कोण बघतंय? मठाचे अप्पा येऊन राहिले, महादेवी! आपल्या घरी!"

"मठात फोन लावून बघा की."

फोन लावला. "अप्पा हायत का?"

"न्हाईत. सकाळीच बाहेर पडले."

"कुठं गेले?"

"सांगून जात न्हाईत."

"झालं सिद्ध!" गुरुपादप्पांनी टाळी वाजवली.

"मठात नाहीत, एवढंच सिद्ध झालं," अक्षरा म्हणाली. "इथं येतात असं कुठाय?"

"तू आत जा अन् पेपर सोडव!"

अक्षरा आत गेली खरी, पण पेपर सोडवायला नाही. रुद्रेशचा नंबर तिच्याकडे अधिकृतपणे नव्हता. अनधिकृत होता, पण तो लागत नव्हता, कारण रुद्रेश परीक्षेच्या सुपरव्हिजनला होता आणि त्याचा फोन ऑफिसात जमा होता.

बाहेर मात्र कुणाचंच काही अडलं नाही. महादेवीनं शेजारच्या शिल्पाकाकूंना हळूच सांगितलं. शिल्पाकाकूंना हळूच सांगणं म्हणजे नगरपालिकेच्या भोंगागाडीला सांगणं. तासाभरात दारात मांडव पडला, हलगी आली, गल्लीतल्या बायका आरत्या घेऊन आल्या. सोमेशनं 'गर्दी' म्हटलं होतं, म्हणून गुरुपादप्पांनी स्वतः फिरून गर्दी जमवली. कुणीतरी माइक आणला. तो सुरू आहे का, हे प्रत्येकानं येऊन एकदा तपासलं.

"हॅलो, हॅलो, उदगीर!"

"अरे, उदगीरलाच हाय आपण!"

आणि गाडी आली.

दार उघडलं. आत पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे आणि खांद्यावर केशरी शाल अशी एक वयस्क मूर्ती होती. ड्रायव्हर आणि आणखी एकानं त्यांना दोन्ही बाजूंनी उचललं आणि एक पाय अधांतरी धरून अलगद बाहेर काढलं.

"बघा, बघा! पाय जमिनीला लागू देत न्हाईत!" शिल्पाकाकू म्हणाल्या आणि त्यांना हुंदकाच आला.

"हर हर महादेव!" गल्ली गरजली. हलगी कडाडली. पाहुणे खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच गुरुपादप्पांनी पितळी परात पुढं सरकवली, उजवा पाय आत घेतला आणि तांब्या रिता केला. डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर होतं.

"अप्पा, हे?"

"मोरीत घसरलो."

"लीला!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"तो वल्ला करू नका हो!" पाहुणे ओरडले. तोवर बायकांची रांग तिथं पोचली होती. पाहुण्यांना नांदेडात कुणीतरी सांगून ठेवलं होतं, की उदगीरचे लोक मानपानाला भारी. पण इतके? स्वतःच्या घरी त्यांना दुसऱ्यांदा चहा मिळत नसे. त्यांनी घसा खाकरला. "मी एक सांगाया आलोय..."

"गप बसा रे! अप्पा बोलून राहिले!" आणि माइक त्यांच्या तोंडासमोर आला. गल्ली चिडीचूप झाली. पाहुण्यांनी माइककडं पाहिलं, गर्दीकडं पाहिलं आणि तोंड मिटलं.

नेमका तेव्हाच आत अक्षराचा फोन वाजला.

"सोमेशमामा! कोणते अप्पा?"

"आगं, गुंडप्पा अप्पा! रुद्रेशचे वडील! नीट ऐक अन् कुणाला सांगू नको. ते नकार द्यायला येऊन राहिले. फोनवर सांगणं बरं दिसत न्हाई म्हणून पाय मोडलेला असूनही निघाले. सज्जन माणूस हाय. पायाखाली स्टूल द्या, गर्दी करू नका, अन् आलेत तसे जाऊ द्या!"

बाहेर हलगी पुन्हा सुरू झाली होती. अक्षरा क्षणभर भिंतीला टेकून उभी राहिली. आता माहितीत काडीची उणीव नव्हती. कोण आले, कशाला आले, पायाला काय झालं, सगळं कळलं होतं. आणि हे सगळं ठाऊक असलेली त्या घरात ती एकटीच होती. तिनं फोन बंद केला, ओढणी डोक्यावरून घेतली आणि गर्दीतून वाट काढत थेट परातीपाशी जाऊन वाकली.

"अप्पा, माझं लग्न ठरून राहिलंय नांदेडला," ती म्हणाली. माइक सुरूच होता. "मुलगा हो म्हणतो, मी हो म्हणते. आशीर्वाद द्या."

गुंडप्पांच्या पायावरून पाणी ठिबकत होतं. त्यांनी मुलीकडं निरखून पाहिलं. मुलीनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत भक्ती होती, पण ती जरा जास्तच टवटवीत होती.

"मुलाचं नाव?" गुंडप्पांनी सावकाश विचारलं.

"रुद्रेश."

समोर मोबाइलच मोबाइल उंचावले होते. गुरुपादप्पांना राहवलं नाही. ते हात जोडून पुढं सरकले.

"पोरगं सोन्यासारखं हाय, अप्पा. बापच तेवढा आडून बसलाय. आम्ही काही त्याचं तोंड बघितलं न्हाई. पण तुमचा शब्द कोण मोडंल? तुम्हीच त्याला बुद्धी द्या."

ड्रायव्हर खोकायला लागला. अक्षरा वाकलेलीच राहिली. गुंडप्पांनी आपल्या प्लॅस्टरच्या पायाकडं पाहिलं, धुतलेल्या पायाकडं पाहिलं. शेवटी डोळे मिटून उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि माइक स्वतःहून जवळ ओढला.

"दिली बुद्धी," ते म्हणाले.