आवाजाची अनामत

आमच्या शहराच्या परिवहन उपक्रमाला माल पुरवायचा असेल, तर अनामत म्हणून आवाज जमा करावा लागतो. पूर्वी पैसे घेत. पण ठेकेदार निकृष्ट माल टाकत, अनामतीवर पाणी सोडत आणि दुसऱ्या नावाने पुन्हा हजर होत. तेव्हा माणूस जी वस्तू टाकून पळणार नाही अशीच वस्तू घ्यावी, असा ठराव झाला. ठरावात चूक काढता येत नाही, आणि मला पहिला राग त्याचाच आहे.

मी बसमध्ये उभ्या प्रवाशांनी धरायच्या रबरी मुठी बनवतो. माझ्या मुठी तुटत नाहीत. हे मी पूर्वी लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगत असे, आता लिहून सांगतो. उपक्रमाची निविदा निघाली तेव्हा माझं वर्कशॉप निम्मा वेळ बंद असे, म्हणून मी भांडार विभागाच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

खिडकीत पोतनीसबाई होत्या. त्यांनी पितळी नरसाळं पुढे केलं.

"यात बोला. वाक्य पूर्ण करा. अर्धवट राहिलं तर परत देताना त्रास होतो."

"काय बोलू?"

"ते खिडकीत सांडलं. नरसाळ्यात बोला."

मी नरसाळ्यात म्हणालो, "मी रघुवीर खटावकर, आणि माझ्या मुठी तुटत नाहीत." शेवटचा शब्द मला ऐकू आला नाही. बाईंनी नरसाळ्याला बूच लावलं आणि पावती फाडली.

माझ्या मागे ढमढेरे उभा होता. शहरात जे जे विकलं जातं ते सगळं तोच विकतो. त्याने सोबत आपला वॉचमन आणला होता. वॉचमन नरसाळ्यात बोलला, आणि पावती ढमढेरेने मोबाईलवर कुणाशी तरी हसत-खिदळत खिशात घातली. मी खिडकीवर मूठ आपटली आणि त्याच्याकडे बोट दाखवलं.

"नियमात 'आवाज, नग एक' एवढंच आहे," बाई म्हणाल्या. "कुणाचा ते दिलेलं नाही."

वॉचमनने माझ्याकडे बघून मान खाली घातली. आम्हा दोघांना एकमेकांशी बोलण्यासारखं बरंच होतं.

जमा झालेली वस्तू पडून राहू नये, असा उपक्रमाचा दुसरा नियम आहे. तो मला वैजयंतीकडून कळला. वैजयंती माझी बायको. ती बाजारातून आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही चौदा नंबरच्या बसमध्ये आहात. 'कृपया पुढे सरका' म्हणता. कृपया! लग्न झाल्यापासून हा शब्द तुमच्या तोंडून मी आज ऐकला."

आम्ही भांडकुदळ नवराबायको. मीठ कमी पडलं तरी आमचा आवाज चौकापर्यंत जायचा, आणि त्यातच आमचा संसार छान चालला होता. आता ती एक वाक्य टाकायची आणि थांबायची. मी उत्तर कागदावर लिहून देईपर्यंत तिचा राग निवून जायचा. मग ती कागद न वाचताच भांडी घासायला घ्यायची. घरात इतकी शांतता मला सहन होईना. ठेका ढमढेरेला मिळाला. गेला खड्ड्यात तो ठेका! मला माझा आवाज हवा होता.

अनामत परत देणं सुनावणी अधिकारी लोखंडेसाहेबांकडे होतं. माझ्या वतीने वैजयंती बोलू लागली, तशी त्यांनी तिला थांबवलं.

"तिऱ्हाइताचा अर्ज चालत नाही. अर्जदाराने स्वतःच्या आवाजात मागणी करायची."

"अहो साहेब, आवाज तुम्ही ठेवून घेतलात. मागणी काय नाकाने करायची?"

लोखंडेसाहेब माणूस वाईट नव्हते, आणि याचाच मला जास्त संताप येतो. वाईट असते तर चार शिव्या लिहून मी मोकळा झालो असतो. त्यांनी मनापासून विचार केला. "आवाज कार्यालयात येऊ शकत नसेल," ते म्हणाले, "तर कार्यालय आवाजाकडे जाऊ शकतं."

म्हणून माझी सुनावणी चौदा नंबरच्या बसमध्ये झाली. साहेब खिडकीशी बसले, शिपाई दारात उभा राहिला, आम्ही दोघं दांड्याला धरून उभे.

"अर्जदार खटावकर, आपल्याला आवाज परत हवा आहे का?"

"कृपया दारात उभे राहू नये," मी छतातून म्हणालो.

शिपाई आत सरकला. साहेबांनी लिहून घेतलं.

"उपक्रमाने आपल्यावर अन्याय केला, असं आपलं म्हणणं आहे?"

"पुढील थांबा, धान्य गोदाम."

"अहो, ते बोलत नाहीयेत! बस बोलतेय!" वैजयंती ओरडली.

"बाई, आवाज यांचाच आहे ना?"

तिने छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "आहे. यांचाच आहे."

"मग त्यांना बोलू द्या. शेवटचा प्रश्न. आवाज उपक्रमाकडेच राहू द्यावा का?"

बस थांबली. "आपल्या सहकार्याबद्दल आम्ही आभारी आहोत," मी म्हणालो. असा मऊ, असा लोचट आवाज मी आयुष्यात काढलेला नाही.

मी साहेबांची कॉलर धरली आणि त्यांना गदागदा हलवलं. ते हलत हलतच म्हणाले, "अर्जदाराच्या वागण्यात आणि बोलण्यात तफावत आढळल्यास बोलणं ग्राह्य धरावं, असं परिपत्रक आहे." आणि त्यांनी सही केली.

"तो बिचारा किती सभ्यपणे बोलतोय, आणि हा कोण गुंड?" असं म्हणत प्रवासी उठले. चौघांनी मला उचललं आणि मागच्या दाराने खाली सोडलं.

वैजयंती उतरली नाही. ती छताकडे तोंड करून कमरेवर हात ठेवून उभी होती.

"एवढं होऊन वर आभार मानता? लाज नाही वाटत?"

"कृपया पुढे सरका."

"नाही सरकणार! काय करायचं ते करा!"

कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा लाल झाला होता. दार मिटलं, बस सुटली. मी थांब्यावर उभा राहिलो. वळणापर्यंत दोघांचंही बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.